दारावरचा आकडा

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर उपकरणशास्त्र शिकवलं. म्हणून विषय उपकरणांचाच घेतला. फक्त उपकरणाच्या पोटातला नाही, तोंडावरचा. प्रयोगशाळेत तापमान धरून ठेवणारी यंत्रं असतात: इन्क्युबेटर, वॉटर बाथ, ओव्हन, ऑटोक्लेव्ह, उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर. त्यांच्या दारावर तळहाताएवढं पॅनेल असतं. त्यावर एक आकडा, तीन-चार बटणं, दोन दिवे आणि आत कुठेतरी बसवलेला बझर. एवढ्याशा गोष्टीवर तासभर काय बोलणार, असं संयोजकांना वाटलं असणार. सभ्यपणामुळे त्यांनी तसं विचारलं नाही, इतकंच.

मी सरळ एका घटनेपासून सुरुवात करतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट ही जुनी संस्था आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत प्रकाशसंश्लेषणावर वीसहून अधिक वर्षं काम चाललं होतं आणि त्या कामाचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले होते. अलार्मची मर्यादा दोन अंशांची लावलेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तापमान उणे ७८ वर आलं आणि बझर वाजायला लागला. उणे ७८ ला नमुन्यांना धोका नव्हता, याची तिथल्या संशोधकांनी खात्री करून घेतली. दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. पण करोनाचे दिवस, त्याला यायला आठवडाभर लागणार होता. मग त्यांनी जे जे सुचलं ते सगळं केलं. प्लगपॉइंटवर कुलूपबंद पेटी बसवली. दारावर कागद चिकटवला. त्याचा आशय असा, की दुरुस्ती व्हायची आहे म्हणून फ्रीझर वाजतो आहे, तो हलवू नका, प्लग काढू नका, इथे सफाईची गरज नाही, आवाजाचा त्रास होत असेल तर अमुक बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा.

दोन-तीन दिवसांनी सफाईला आलेल्या कंत्राटी कामगाराला तो आवाज ऐकू आला. काहीतरी बिघडलंय, आपण मदत करावी, असं त्याच्या मनात आलं. तो ब्रेकरच्या पेटीशी गेला. पडलेला ब्रेकर वर करतोय अशा समजुतीने त्याने चालू असलेला ब्रेकर बंद केला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा आतलं तापमान उणे ३२ वर पोचलं होतं. बहुतेक नमुने गेले. २०२३ मध्ये संस्थेने सफाईच्या कंत्राटदार कंपनीवर दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला, आणि बातमी जगभर पसरली. मथळे सगळीकडे एकाच छापाचे होते: सफाई कामगाराने वीस वर्षांचं संशोधन धुळीला मिळवलं.

मला हे मथळे पटत नाहीत. त्या खोलीत दोन पॅनेल होती आणि दोन्हींनी त्या माणसाला काही सांगितलं नाही. फ्रीझरच्या पॅनेलकडे बोलायला एकच शब्द होता, तो म्हणजे ‘टीऽऽ’. दोन अंशांनी चढलं तरी तोच आवाज, पन्नास अंशांनी चढलं तरी तोच. सेन्सर तुटला तरी तोच आणि दार नीट लागलं नाही तरी बऱ्याच यंत्रांत तोच. काय झालंय, किती गंभीर आहे, कुणाला माहीत आहे आणि तुम्ही काय करायचं, या चारही प्रश्नांची उत्तरं द्यायला शेवटी साधा कागद आणि चिकटपट्टी लागली. यंत्राच्या दारावर हाताने लिहिलेला कागद दिसला, की समजावं, पॅनेल बनवणाऱ्याने काहीतरी राहू दिलंय. तुमच्या प्रयोगशाळांत जाऊन बघा. ‘हे बटण दाबू नये’, ‘४२ वर ठेवणे, बदलू नये’, ‘दार जोरात लावा’. हे कागद जपून ठेवा, आमच्या रचनेच्या धंद्यातल्या माणसाला त्याहून चांगला अभ्यासक्रम मिळणार नाही.

आता ब्रेकरची पेटी. वर चालू, खाली बंद, मध्येच अडकला तर ‘पडलेला’. कोणता खटका कुणाचा, हे सांगणारी चिठ्ठी बॉलपेनने लिहिलेली आणि फिकी झालेली; ही पेटी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. त्या रात्री चूक कुणाची, हे बघणं न्यायालयाचं काम. रचनाकाराने बघायचं ते एवढंच, की चांगल्या हेतूचा माणूस आपल्या यंत्रासमोर उभा राहिला तर यंत्र त्याला योग्य दिशेला नेतं की चुकीच्या.

पॅनेलने काही सांगितलं नाही, ही ट्रॉयची गोष्ट. पॅनेल खोटं बोललं, ही बोस्टनजवळची. मॅक्लीन रुग्णालयात हार्वर्डची मेंदूपेढी आहे. मरणोत्तर दान केलेले मेंदू तिथे उणे ८० अंशांत ठेवतात. २०१२ च्या मे महिन्याच्या अखेरीला तिथल्या एका अधिकाऱ्याने एका फ्रीझरचं दार उघडलं, आणि गोठलेली थंड हवा अंगावर आलीच नाही. बाहेरचा आकडा उणे ७९ दाखवत होता. आत तापमान होतं अधिक ७. दीडशेच्या आसपास मेंदू वितळलेले होते. त्यातले पन्नासाहून अधिक स्वमग्नतेच्या संशोधनासाठी राखून ठेवलेले, म्हणजे जगात अत्यंत दुर्मीळ. दोन अलार्म होते, दोन्ही वाजले नाहीत. कर्मचारी दिवसातून दोनदा फेरी मारून आकडा बघत होते, म्हणजे माणसांनी आपलं काम केलं होतं. ते आकडा बघत होते आणि आकडा ठीक होता.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. दारावरचा आकडा नक्की कुणाचा? तुमच्या नमुन्याचा? नाही. आतल्या हवेचा? तोही नाही. तो सेन्सरचा आकडा आहे. सेन्सर जिथे बसवलाय तिथलं तापमान, तेही सेन्सर आणि त्याची वायर धड असेल तर. प्रत्येक तापनियंत्रित यंत्रात निदान तीन तापमानं असतात: तुम्ही मागितलेलं, सेन्सरने मोजलेलं आणि नमुन्याला प्रत्यक्ष मिळालेलं. पॅनेलवर पहिली दोन असतात. प्रयोग तिसऱ्यावर चालतो.

हे पूर्वी इतकं अवघड नव्हतं. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने कोंबडीची अंडी उबवायला भट्टी केली होती. उष्णता वाढली की नळीतला पारा वर सरकायचा आणि धुराड्याची झडप आपोआप लागायची. पॅनेल नावाची गोष्टच नव्हती. पुढच्या काळात सूक्ष्मजीवशास्त्राचे इन्क्युबेटर आले. त्यांच्या डोक्यावर एक भोक असायचं, त्यात बूच आणि बुचातून आत सोडलेला काचेचा थर्मामीटर. वयस्क मंडळींनी हे बघितलं असेल. तापमान सांभाळायचं काम आत थर्मोस्टॅट करायचा, तापमान सांगायचं काम थर्मामीटर करायचा. दोघांची ओळख नव्हती. थर्मोस्टॅट बिघडला तर थर्मामीटर चुगली करायचा.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला आणि ही दोन कामं एकाच सेन्सरकडे गेली. तोच मोजतो, त्याच्याच सांगण्यावरून हीटर चालतो आणि त्याचाच आकडा दारावर झळकतो. आता समजा, हा सेन्सर तीन अंश कमी दाखवू लागला. नियंत्रक बिचारा इमानदार. तो हीटर आणखी चालवतो. आतलं तापमान ४० होतं, सेन्सर ३७ म्हणतो, नियंत्रक समाधानी होतो आणि दारावर लखलखीत ३७.०. चूक जितकी पद्धतशीर, आकडा तितका स्थिर. वर ते दशांशचिन्ह. ३७ पेक्षा ३७.० वर माणसाचा जास्त विश्वास बसतो. एक दशांश दाखवता येणं आणि एक दशांशाइतकं अचूक असणं यांचा काहीही संबंध नसला तरी. काही नियंत्रकांत तर आकडा फार हलू नये, गिऱ्हाईक घाबरू नये, म्हणून दाखवायच्या आकड्यावर वेगळी गाळणी बसवलेली असते. तापमान अर्धा अंश वरखाली होत असतं, दारावर मात्र शांतता. याला मी रचना म्हणणार नाही, ही फसवणूक आहे.

उपाय महाग नाही. नियंत्रणाचा सेन्सर वेगळा, दाखवायचा वेगळा. दोघांत फरक पडला तर आकडा न दाखवता फरक दाखवायचा. शिवाय बाहेरचा तपासणीचा प्रोब आत घालता येईल असं एक छिद्र ठेवायचं. म्हणजे ते जुनं बूच परत आणायचं. लसींच्या साठवणीसाठी अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, एक पाऊल पुढे जाते: प्रोब हवेत लोंबकळू द्यायचा नाही, ग्लायकॉलसारख्या द्रवाच्या छोट्या बाटलीत बुडवायचा. दार उघडलं की हवा लगेच तापते, बाटलीतला द्रव लसीइतक्याच सावकाश तापतो. म्हणजे आकडा हवेचा न राहता लसीच्या जवळ जातो. दार उघडल्याबरोबर उगाच वाजणारे अलार्मही त्यामुळे कमी होतात, आणि उगाच वाजणारा अलार्म कमी झाला की खरा वाजतो तेव्हा माणूस उठतो.

नमुन्याची आठवण ठेवणारं एक यंत्र मात्र प्रयोगशाळेत आहे. डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीचा, म्हणजे पीसीआरचा थर्मल सायकलर. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली, तेव्हा असं यंत्र नव्हतं. तीन वॉटर बाथ शेजारी शेजारी ठेवायचे, एक ९४-९५ अंशांचा, एक ५५ च्या आसपासचा, एक तिसरा, आणि हातात घड्याळ घेऊन नळ्या इकडून तिकडे हलवत बसायचं. दर फेरीला उष्णतेने एन्झाइम मरायचं, म्हणून ते पुन्हा घालायचं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या जीवाणूतलं उष्णता सोसणारं एन्झाइम हाती आलं, त्यानंतर काम यंत्राकडे सोपवता आलं. आजचा सायकलर सुरू करताना तुम्हाला विचारतो: नळीत किती मायक्रोलिटर आहे? कारण त्याला माहीत असतं, की धातूचा ठोकळा ९५ ला पोचला तरी नळीतला थेंब अजून पोचलेला नाही. आकारमान कळलं की तो थेंबाच्या तापमानाचा अंदाज बांधतो आणि वेळ तिथून मोजतो. पडद्यावर कितवी फेरी, कोणती पायरी, संपायला किती वेळ, हे सगळं असतं. तापनियंत्रित यंत्रांत मला सर्वांत सभ्य वाटणारं पॅनेल हेच, कारण ते स्वतःबद्दल कमी आणि कामाबद्दल जास्त बोलतं. झाकण १०५ अंशांवर तापलेलं असतं, तेवढं मात्र बऱ्याच मॉडेलवर कुठेतरी कोपऱ्यात लिहितात.

याच्या उलट टोक म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोक्लेव्ह. पॅश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलँ यांनी १८७९ मध्ये तो बनवला. नियम सगळ्यांना पाठ असतो: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं. पण १५ पौंडाला १२१ अंश मिळतात ते आत शुद्ध वाफ असेल तरच. हवा अडकून राहिली तर काटा १५ वर जातो आणि तापमान मात्र त्याहून बरंच कमी राहतं. ज्या यंत्रावर फक्त दाबाचा काटा आहे, ते यंत्र माणसाला शेजारची गोष्ट दाखवतं आणि मूळ गोष्ट गृहीत धरायला लावतं. वाफ सुटू लागल्यावर काही मिनिटं झडप उघडी ठेवायची, हवा जाऊ द्यायची आणि मग शिटी लावायची, हे ज्ञान अटेंडंटच्या हातात असतं. तो निवृत्त झाला की तेही जातं.

आता माणसाच्या डोक्यातल्या यंत्राकडे येऊ. उन्हातून आलात, खोली तापलेली आहे, एसी लावायचाय. रिमोटवर किती ठेवता? बहुतेक जण १६. का? लवकर गार व्हावं म्हणून. साधा एसी असेल तर १६ लावा की २४ लावा, कॉम्प्रेसर त्याच जोराने चालतो. फक्त २४ ला थांबायचं तो थांबत नाही. अमेरिकेत विलेट केम्प्टन या मानवशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये घरोघरच्या थर्मोस्टॅटवर याचा अभ्यास केला. बऱ्याच लोकांच्या मनात थर्मोस्टॅट हा नळासारखा असतो, जास्त उघडला की जास्त येणार. रचनेचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेतलं आणि त्यासोबत घरच्या फ्रिजचंही. त्यांच्या फ्रिजला दोन बटणं होती, एक खालच्या कप्प्याचं आणि एक बर्फाच्या कप्प्याचं, असं वाटायचं. प्रत्यक्षात थंडी तयार करणारा भाग एकच होता आणि एक बटण फक्त ती थंडी कुठे किती जायची, हे ठरवायचं. मालकाच्या मनातलं चित्र आणि यंत्राची खरी रचना जुळत नव्हती, आणि ते चुकीचं चित्र मालकाच्या मनात बटणांनीच उभं केलं होतं.

प्रयोगशाळेत हे रोज घडतं. जीवाणूंमध्ये बाहेरचा डीएनए घालायचा, तर त्यांना ४२ अंशांचा पाऊण-दीड मिनिटाचा झटका देतात. वॉटर बाथ ३७ वर आहे, विद्यार्थ्याला घाई आहे. तो ६० लावतो. पाणी ४२ ला आलं की परत ४२ करू, असा बेत. मोबाइल वाजतो, पाणी ४७ ला जातं, आणि पाणी तापवता येतं, गार करायला यंत्राकडे काहीही नसतं. विद्यार्थ्याला रागवून उपयोग नाही. पॅनेलवर ‘४२ ला पोचायला ९ मिनिटं’ एवढं दिसलं असतं तर त्याने ६० लावलेच नसते. नियंत्रकाला हे गणित अजिबात अवघड नाही. झीगलर आणि निकोल्स यांनी नियंत्रक कसा जुळवायचा याची पद्धत १९४२ मध्ये लिहून ठेवली आहे. तापायचा वेग मोजणं हा तिचाच भाग. यंत्राला माहीत असतं, ते सांगत नाही, इतकंच.

आणि उणे चिन्हाचा घोटाळा. आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० लिहिलं होतं. त्यांच्यानंतर ती उलटी केली गेली, म्हणून आज आपण सुखी आहोत. पण शून्याच्या खाली गेलं की डोकं पुन्हा फिरतं. फ्रीझर उणे ८० वर आहे, वरचा बाण दाबला. आकडा उणे ७९ व्हायला हवा की उणे ८१? गणित म्हणतं ७९. थंडी वाढवायची म्हणून वरचा बाण दाबणारा माणूस म्हणतो ८१. घरच्या फ्रिजच्या गोल खटक्यावर १ ते ७ आकडे असतात आणि ७ ला सर्वांत जास्त थंडी, हीच सवय घेऊन तो प्रयोगशाळेत येतो. उपाय एकच, बाणाशेजारी ‘जास्त थंड’ आणि ‘कमी थंड’ लिहिणं. जागा लागते दोन बोटं.

लिहायचं कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे बऱ्याच यंत्रांवर सात रेघांचा आकडा असतो. वर लाल, त्याला पीव्ही म्हणतात. खाली हिरवा, त्याला एसव्ही. पीव्ही म्हणजे मोजलेलं, एसव्ही म्हणजे मागितलेलं. ज्याला हे माहीत नाही, त्याच्यासाठी दोन आकडे आहेत, एवढंच. लाल म्हणजे धोका असंही त्याला वाटतं, आणि लाल आकडा तर कायमच पेटलेला. रंग कुठे काय सांगतो, याचे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. वैद्यकीय उपकरणांत लुकलुकणारा लाल म्हणजे ताबडतोब धावा, पिवळा म्हणजे लवकर बघा. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरवा फरक दिसतच नाही. सात रेघांत देवनागरी बसत नाही, हे खरं. पण पत्र्यावर छापायला कुणाची हरकत आहे? ‘आत्ता’ आणि ‘हवे’. आणि आता तर रंगीत पडदे आले आहेत, तिथे मराठी दाखवायला तांत्रिक अडचण राहिलेली नाही. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, वसईत प्रयोगशाळेची उपकरणं बनतात. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून ती बोलत नाहीत.

टचस्क्रीनबद्दल एक तक्रार इथेच करून टाकतो. नायट्राइलचे हातमोजे, त्यावर पाणी किंवा दहिवर, आणि समोर फोनसारखा काचेचा पडदा. तीनदा बोट दाबायचं, चौथ्या वेळी दोनदा उमटणार. उणे ८० च्या दारापाशी जाड मोज्यांत तर विचारूच नका. काच देखणी दिसते, प्रदर्शनात विकली जाते. कामाला जुनी उठावदार बटणंच बरी, दाबल्याचं बोटाला कळतं. आणि आकडा खोलीच्या दारातून वाचता आला पाहिजे. फ्रीझरची रांग बघत जाणाऱ्याला प्रत्येकापुढे वाकायला लावू नये.

आता विजेचं बोलू, कारण विजेशिवाय महाराष्ट्रातलं कोणतंही यंत्र पूर्ण होत नाही. लोडशेडिंगच्या काळात आपण बारा-बारा तास अंधारात काढलेत. आजही रविवारी दुपारी दोन तास वीज जाते आणि येते. सोमवारी सकाळी तुम्ही येता, आकडा बघता: उणे ८०. छान. पण मधे काय झालं? उणे ५० ला जाऊन आलं का? ते पॅनेल सांगत नाही, कारण पॅनेलला फक्त ‘आत्ता’ माहीत आहे. तापनियंत्रित यंत्रासमोर माणूस फार थोडा वेळ असतो. रात्र, सुट्टी, गणपती, दिवाळी, हा सगळा काळ यंत्र एकटं असतं. म्हणून पॅनेलचं पहिलं काम म्हणजे तुम्ही नव्हतात तेव्हा काय झालं, ते सांगणं: शेवटच्या वेळी बघितल्यापासून सर्वांत जास्त किती, सर्वांत कमी किती, वीज किती वाजता गेली, किती वाजता आली. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू झालं की कुणाची वाट बघत थांबलं, हेही. फ्रीझरने आपोआप सुरू व्हायला हवं, ओव्हनने विचारून. दोघांना एकच नियंत्रक लावून दोघांचं वागणं एकच ठेवणारे निर्माते आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रातलं चित्र बघा. तिथे लसींसाठी आयएलआर असतो, बर्फाचं अस्तर असलेला पेटीसारखा फ्रिज. आत २ ते ८ अंश हवेत. सकाळ-संध्याकाळ तापमान नोंदवहीत लिहायचं. एखाद्या वहीत महिनाभर सकाळी ४ आणि संध्याकाळी ४ दिसलं, की मी ते यंत्र फार चांगलं आहे असं समजत नाही. माणसाला दोन क्षणांचे आकडे लिहायला लावले, की तो शेवटी आकडा लिहितो, तापमान नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासोबत ई-विन ही व्यवस्था सुरू केली. आयएलआरमध्ये सेन्सर बसला, तो स्वतः नोंद करतो, मर्यादा ओलांडली की जबाबदार माणसाच्या मोबाइलवर संदेश जातो. वही भरणाऱ्याच्या खांद्यावरून ओझं उतरलं आणि खरी माहिती मिळू लागली.

पण मला विचाराल, तर या क्षेत्रातली सर्वांत थोर रचना विजेवर चालतच नाही. पोलिओच्या तोंडी लसीच्या कुपीवर एक छोटं चित्र असतं, वर्तुळात चौकोन. व्हीव्हीएम म्हणतात त्याला. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा या लसीवर आलं. आतला चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होणाऱ्या पदार्थाचा आहे. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरा. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर फेका. एएनएम ताईंना आकडा वाचायचा नाही, काही आठवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. आणि ते चित्र फ्रिजचं तापमान सांगत नाही. त्या एका कुपीने कारखान्यातून निघाल्यापासून ट्रकमध्ये, डेपोत, पेटीत, पाड्यावर जेवढी उष्णता सोसली, तिची बेरीज सांगतं. मघाशी मी तिसरं तापमान म्हणालो, नमुन्याचं, ते इथे थेट नमुन्याच्या अंगावर छापलेलं आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लस गोठली तर या चित्राला पत्ता लागत नाही, आणि कावीळ-बी किंवा त्रिगुणी लस उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त बिघडते. त्यासाठी कुपी हलवून गाळ किती वेगाने बसतो ते बघायची चाचणी असते, आणि ती करायला अनुभव लागतो.

अलार्मबद्दल शेवटचं एक. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडजवळच्या एका प्रजनन केंद्रात द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतलं तापमान शनिवार-रविवारच्या रात्री वाढलं आणि चार हजारांहून अधिक बीजांडं आणि भ्रूण गेले. दूरवरच्या माणसाला कळवणारा अलार्म बंद होता, हे नंतर उघड झालं. अलार्म बंद करायची सोय ठेवावीच लागते. नाहीतर लोक वायर कापतात. पण म्यूट केलेला अलार्म ठरावीक वेळाने स्वतः परत जागा झाला पाहिजे. आणि तो बंद आहे, हे दारावर तापमानाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे. ‘अलार्म बंद, रात्री ११.४० पासून.’ रखवालदाराला एवढं वाचता आलं, तर तो फोन करेल. फोन कुणाला करायचा, तो नंबरही तिथेच हवा.

निर्माते म्हणतील, हे सगळं वाढीव आहे, खर्च येतो. दुसरा सेन्सर काही शे रुपयांचा आहे आणि वीज गेल्याची वेळ लक्षात ठेवायला लागणारं घड्याळ त्याहून स्वस्त. उणे ८० चा फ्रीझर लाखोंना येतो. खरं कारण वेगळं आहे. खरेदीच्या निविदेत लिटर लिहिलेले असतात, किमान तापमान लिहिलेलं असतं, हमीचा काळ लिहिलेला असतो. पॅनेलबद्दल ‘डिजिटल डिस्प्ले’ या दोन शब्दांपलीकडे काही नसतं, आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. त्या दोन शब्दांत जे बसतं, तेच मिळतं.

समोर अनेक जण असे बसले आहेत, ज्यांच्या सहीने महाविद्यालयांत, रुग्णालयांत, संस्थांत ही यंत्रं येतात. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत चार ओळी घाला: नियंत्रणापेक्षा वेगळा दर्शक सेन्सर आणि तपासणीसाठी छिद्र, मागच्या बघण्यापासूनचं किमान-कमाल तापमान आणि वीज गेल्या-आल्याच्या वेळा, आपोआप परत जागा होणारा अलार्म, आणि मराठी खुणा. यंत्र आलं की पैसे चुकते करण्याआधी पुरवठादाराला त्याचा सेन्सर काढायला सांगा आणि दारावर काय दिसतं ते बघा. जुनाच आकडा तसाच दिसत राहिला, तर यंत्र परत पाठवा.